सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण: कॅस्टर एकदाचा दुभंगला!

पुनर्वसूतला जोडतारा कॅस्टर काल १२० पटीला स्वच्छ दोन ठिपके दिसला, मध्ये काळी फट. अंतर पाच-साडेपाच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे १५० मिमी आरशाला खरं तर किरकोळ काम. अडलं होतं ते या दुर्बिणीत तारे ठिपक्यांऐवजी त्रिकोणी दिसत होते त्यापायी.

गेल्या वेळी सगळा संशय १० मिमी प्लॉसलवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर (आयपीसवर) होता. तो फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतो त्या नळीत, गोल फिरवून पाहिला, त्रिकोण जागचा हलला नाही. डोकं तिरकं केलं, तरी तसाच. म्हणजे आयपीसही सुटला आणि माझा डोळाही. कोलिमेशन (आरशांची सरळ जुळणी) ठीक, आरसा तासभर गच्चीवर निवलेला. मग व्याध मुद्दाम धूसर केला: फोकसच्या आत त्रिकोण, बाहेर तोच उलटा. कोपरे तीन, आरसा धरून ठेवणाऱ्या क्लिपाही तीन. इथे ट्यूब पेटली!

नळी आडवी ठेवून आरशाचा सेल, म्हणजे आरसा बसवलेली बैठक, बाहेर काढला. कारखान्यात क्लिपा अशा आवळलेल्या की रबराचे ठसे काचेवर उमटले होते. एवढ्या दाबाने काच कणभर वाकली तरी ताऱ्याचा विचका होतो. रबर आणि काच यांच्यामधून वहीचा कागद सहज सरकेल इतपत प्रत्येक क्लिप सैल केली. आता आरसा किंचित खुळखुळतो. खुळखुळू दे.

पुन्हा कोलिमेशन केलं, भोक पाडलेल्या साध्या टोपीने. कोलिमेशनसाठी मिळणाऱ्या स्वस्त लेझरवर माझा काडीचा विश्वास नाही. फोकसरमध्ये फिरवला की त्याचा ठिपकाच गोल फिरतो, मग तो आरसा काय सरळ करणार?

गुरूचे पट्टेही आता कडा धरून दिसतात.

खरेदीचा बेत होता ६ मिमी आयपीसचा: दुर्बिणीचं नाभीय अंतर १२०० मिमी भागिले ६, म्हणजे २०० पट. पण आमच्या गच्चीवरची हवा २०० पट महिन्यातून किती रात्री झेपवणार? त्यापेक्षा बरा दुप्पट बार्लो (आयपीसची पट दुप्पट करणारं जोडभिंग) घ्यावा: २५ मिमीवर ९६ पट मिळते आणि डोळा काचेला चिकटवावा लागत नाही. १० मिमी प्लॉसलला पापण्या घासतात, चष्मेवाल्यांना तर तो नकोच. हे लिहिताना सुचतंय, जोडीला १५ मिमी घेतला तर ८० आणि १६० दोन्ही हाताशी येतील. मग ६ मिमी रद्दच.

आधी मात्र मृगातल्या राजन्याचा (रायजेलचा) सोबती तारा. साडेनऊ विकला लांब, पण राजन्याच्या झगमगाटात बुडालेला. हवा स्थिर मिळाली की १२० पटीलाच बघतो.