वेर्दूचा हिशेब आणि सभागृहातले ठेवीदार

चित्रपट दाखवून त्यावर प्रेक्षकांना बोलते करणे हे माझे काम आहे. महाविद्यालये, वाचनालये, कामगार संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ अशा ठिकाणी मी रसास्वाद शिबिरे घेतो आणि चित्रपट संपल्यानंतरची चर्चा हाच माझ्या दृष्टीने त्या शिबिराचा गाभा असतो. सांगलीतल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांच्या एका मंडळाने चार्ली चॅप्लिनचा एखादा चित्रपट दाखवण्याची विनंती केली, तेव्हा त्यांच्या मनात अर्थातच काठी फिरवणारा, ढगळ विजारीतला चार्ली होता. मी मात्र १९४७ सालचा ‘मस्यू वेर्दू’ सुचवला, कारण त्याचा नायक बँकेतला कारकून आहे आणि त्याची गोष्ट या मंडळींइतक्या जवळून दुसऱ्या कोणाला कळणार नाही, असे मला वाटत होते.

ऑन्री वेर्दू हा पॅरिसमधल्या बँकेत तीस वर्षांहून अधिक काळ इमानेइतबारे नोकरी केलेला माणूस. १९३० च्या मंदीत त्याची नोकरी जाते. घरी चाकांच्या खुर्चीला खिळलेली बायको आणि लहान मुलगा. त्यांना पोसण्यासाठी तो निरनिराळ्या नावांनी पैसेवाल्या प्रौढ स्त्रियांशी लग्ने करतो, त्यांची पुंजी काढून घेतो आणि त्यांचा काटा काढतो. फ्रान्समध्ये १९२२ साली गिलोटिनखाली गेलेल्या लांद्र्यू या खुन्याच्या प्रकरणावरून ही कल्पना सुचली. ती मुळात दिग्दर्शक ऑर्सन वेल्सची, आणि श्रेयनामावलीत तसा उल्लेखही आहे. एवढी भीषण गोष्ट चॅप्लिनने विनोदी चित्रपट म्हणून सांगितली. मंडळाच्या चिटणीसांनी ती ऐकून घेतली आणि जरा काळजीने विचारले, “बायकामाणसंही येणार आहेत, चालेल ना?” मी म्हटले, त्यांनी तर अवश्य यावे.

सभागृहात साठ-सत्तर माणसे असतील. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली आणि देशभरातून सुमारे एक लाख कर्मचारी तिच्यातून बाहेर पडले. त्यांपैकी बरेच जण समोर होते. जिल्ह्यातल्या सहकारी बँकांतून आणि पतसंस्थांतून काम केलेलेही काही होते. चित्रपट इंग्रजीत असल्यामुळे कथेचे आणि महत्त्वाच्या संवादांचे मराठी टिपण मी आधीच वाटले होते.

चित्रपट चालू असताना मी पडद्याकडे पाहत नाही, कडेला उभा राहून प्रेक्षकांकडे पाहतो. माणसे नंतर तोंडाने जे मत सांगतात, त्याच्या आधी ती कुठे हसली आणि कुठे गप्प झाली यातून त्यांचे मत उमटलेले असते. वेर्दू पहिल्यांदा नोटा मोजू लागला, त्या क्षणी सभागृहात जी खसखस पिकली तशी मी दुसरीकडे कुठेच ऐकलेली नाही. चॅप्लिनची बोटे नोटांच्या गड्डीवरून इतक्या वेगाने धावतात की इतर प्रेक्षक त्याला गंमत म्हणून हसतात. इथले हसू ओळखीचे होते. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांचा उजवा अंगठा नकळत मांडीवर हलू लागला होता. चर्चेत ते म्हणाले, “आम्ही आकडे तोंडानं मोजत नाही, बोटांनी मोजतो. हा माणूस काउंटरवर बसलेला आहे, हे ह्या एका गोष्टीवरून पटतं. त्याची नोकरी गेली तरी बोटांतली नोकरी गेली नाही.”

आनाबेला नावाची एक बायको काही केल्या मरत नाही. विष तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तळ्यातल्या होडीत तिच्या गळ्यात दोर टाकण्याचा बेत फसतो आणि उलट पोहता न येणारा वेर्दूच पाण्यात पडतो. तिथे सगळे सभागृह खदखदून हसले. मात्र लिडिया नावाच्या दुसऱ्या एका बायकोच्या प्रसंगात काहीतरी वेगळे घडले. शेअर दलालाला सकाळपर्यंत पन्नास हजार फ्रँक पोहोचले नाहीत तर वेर्दू बुडणार असतो. तो लिडियाकडे जातो, बँका बुडणार आहेत अशी भीती घालून तिला सगळी रक्कम काढून आणायला लावतो आणि त्याच रात्री तिला संपवतो. खून दिसत नाही. दिसते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ: वेर्दू गुणगुणत खाली येतो, नोटा मोजतो, न्याहारीसाठी टेबलावर दोघांची मांडामांड करतो, मग लक्षात येते आणि एकाचे सामान परत उचलून ठेवतो. या क्षणी प्रेक्षक हमखास हसतात, आणि त्या हसण्यावरच सगळा चित्रपट उभा आहे असे मी मानतो. त्या दिवशी पुरुष हसले. बायकांच्या रांगांतून आवाज आला नाही.

चर्चा सुरू झाली तेव्हा पहिली मते अपेक्षित अशीच होती. नोकरी गेलेल्या माणसाची तडफड खरी वाटते, असे काही जण म्हणाले. एका तरुणाने, तो वडिलांना घेऊन आला होता, शेवटचे कोर्टातले आणि तुरुंगातले संवाद लांबले, तिथे चॅप्लिन पात्राच्या तोंडून स्वतःच भाषण करू लागतो, असा आक्षेप घेतला. एका-दोघांचा जीव घेणारा खुनी ठरतो आणि युद्धात लाखोंना मारणारा वीर, हा वेर्दूचा युक्तिवाद त्याला पटला, पण तो वेर्दूच्या तोंडी शोभत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मला हा आक्षेप योग्य वाटतो. आपल्या हिशेबाची बाजू मांडताना जगाचा हिशेब पुढे करणे ही वेर्दूसारख्या माणसाची नेहमीची चाल असते, आणि चित्रपट तिथे त्याच्यापासून पुरेसा लांब उभा राहत नाही.

मग मागच्या बाजूने एक गृहस्थ उठले. ते एका सहकारी बँकेत होते आणि त्या बँकेचा परवाना रद्द झाला होता. ते सावकाश बोलत होते. “सर, मी घरी सांगितलं नाही. कित्येक महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होतो. बसस्टँडवर बसायचो, वाचनालयात बसायचो, पाचच्या पुढं घरी. वेर्दू बायकोला भेटायला येतो आणि लग्नाच्या वाढदिवसाला घराचं खरेदीखत तिच्या हातात ठेवतो, तिथं मला पुढचं दिसेना. मी तेवढ्यासाठी काय काय केलं असतं, ते मला माहीत नाही. म्हणून मी त्याला वाईट म्हणणार नाही.” त्यांच्या पत्नी शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात यजमानांच्या सदऱ्याला धरून होता, हे मला माझ्या जागेवरून दिसत होते.

यानंतर सहसा कोणी विरोधात बोलत नाही. अशा वेळी सूत्रधाराने दोन शब्द बोलून चर्चा दुसरीकडे वळवावी, असा आमच्या कामातला प्रघात आहे. मी तोंड उघडण्याआधीच एका ताईंनी हात वर केला. त्या शाळेत शिक्षिका होत्या, पती बँकेत. “काकांना मी काही म्हणत नाही,” त्या म्हणाल्या, “पण ती लिडिया म्हणजे माझी आत्या आहे. आत्या विधवा होती. एक फार गोड बोलणारा माणूस घरी यायचा, चहा प्यायचा, तब्येतीची चौकशी करायचा आणि पतसंस्थेच्या ठेवीच्या पावत्या करून द्यायचा. पतसंस्था बुडाली. त्या माणसालाही बायको-मुलं असतीलच. पण सिनेमात लिडियाला खडूस दाखवलंय, आनाबेलाला किंचाळणारी, वेडगळ दाखवलंय. त्या मेल्या तर आपल्याला हसू यावं अशा बायका निवडल्यात. माझी आत्या तशी नव्हती.”

पतसंस्थेतल्या ठेवींना बँकांतल्या ठेवींसारखे ठेव विम्याचे संरक्षण नसते. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, त्यामुळे ताईंच्या बोलण्याचे वजन मला कोणाला समजावून सांगावे लागले नाही. बँकांच्या बाबतीतही बँक बुडाल्यास या विम्यातून परत मिळणाऱ्या रकमेची मर्यादा २०२० पर्यंत एक लाख रुपयांचीच होती. नोकरी गेलेला कारकून आणि पुंजी गेलेली ठेवीदार हे एकाच पडझडीचे दोन तुकडे आहेत, आणि त्या दिवशी ते दोघे चार खुर्च्यांच्या अंतरावर बसलेले होते.

कोणीतरी विचारले, की त्या काळच्या लोकांना हा चित्रपट कसा वाटला होता. मी सांगितले की एप्रिल १९४७ मध्ये न्यूयॉर्कला पहिल्या खेळात प्रेक्षकांतून हुर्यो उडवल्याचे आवाज आले आणि चॅप्लिन उठून बाहेर गेले. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत चित्रपटाऐवजी त्यांची राजकीय मते आणि त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व का घेतले नाही, यावरच प्रश्नांची सरबत्ती झाली. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मोजक्या लोकांत समीक्षक जेम्स एजी होते. त्यांनी नंतर ‘द नेशन’ या अमेरिकी नियतकालिकात तीन भागांत या चित्रपटावर लिहिले. अमेरिकेत चित्रपट लवकरच मागे घेतला गेला, आणि १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याच शहरातल्या लोकांनी तो उचलून धरला. यावर पुढच्या रांगेतले कॅशिअर म्हणाले, की पहिल्या वेळी लोकांनी माणूस पाहिला आणि दुसऱ्या वेळी सिनेमा. मला मात्र ताईंचा आक्षेप या दोन्हींपेक्षा खोल जाणारा वाटला, कारण तो चॅप्लिनच्या मतांबद्दलही नव्हता आणि त्याच्या कीर्तीबद्दलही नव्हता. पडद्यावर कोणाला चेहरा मिळाला आणि कोणाला मिळाला नाही, याबद्दल होता.

माझे स्वतःचे मत मी चर्चेत सहसा शेवटी सांगतो. त्या दिवशी ते मला मध्येच सांगावेसे वाटले. चॅप्लिनला हे माहीत होते, असे मला वाटते, पण अर्धेच. चित्रपटात एक तरुण मुलगी येते. वेर्दू तिच्यावर विषाचा प्रयोग करायला निघालेला असतो, पण तिने अपंग नवऱ्याची सेवा केली आहे हे कळताच तो विष घातलेला पेला तिच्यापुढून काढून घेतो. म्हणजे जिच्यात त्याला स्वतःच्या घरासारखे काही दिसते, तिला तो जिवंत सोडतो. लिडियाच्या घरात डोकावून पाहायला तो थांबत नाही, आणि आपल्यालाही थांबू देत नाही. विनोदाला तेवढी घाई लागते. ती घाई कुठे दिसते आणि कुठे लपते, हे पाहणे हेच अशा चित्रपटाचे खरे पाहणे आहे.

शेवटचा वाद मोना, म्हणजे वेर्दूच्या पत्नीवरून झाला. शेअर बाजार कोसळल्यावर तिचे आणि मुलाचे काय झाले हे चित्रपट दाखवत नाही. वेर्दू एवढेच म्हणतो की त्या पडझडीनंतर लवकरच आपण दोघांना गमावले आणि ते आता जिथे आहेत तिथे अधिक सुखात आहेत. सभागृहातल्या निम्म्या लोकांना ते आजारपणाने गेले असे वाटले. बाकीच्यांना वेर्दूनेच त्यांनाही संपवले असणार याची खात्री होती. डबेवाल्या काकांनी दुसऱ्या मताला जोरात विरोध केला. “त्यांच्यासाठीच तर चाललं होतं सगळं!” ताई म्हणाल्या, “काका, म्हणूनच. एकदा सवय लागल्यावर माणूस आपल्या माणसांचाही हिशेब करायला लागतो.” मी कोणाच्याही बाजूने निकाल दिला नाही, कारण चित्रपटात दोन्हीला जागा आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे.

चहाच्या वेळी ते दोघे एकाच टेबलापाशी उभे होते. काकांनी विचारले, आत्यांचे पैसे मिळाले का. थोडे मिळाले, उरलेले अडकून आहेत, आत्याही आता नाहीत, असे ताईंनी सांगितले. काकांना परवाना रद्द झाल्यानंतरच्या सगळ्या कागदपत्रांची माहिती होती. अवसायकाकडे, म्हणजे बुडालेल्या संस्थेची देणी-घेणी निपटायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, मागणी अर्ज कसा करायचा, वारसाचा दाखला आणि मूळ पावती जोडावी लागेल, पावती हरवली असेल तर उपनिबंधक कार्यालयात आधी काय विचारायचे, हे त्यांनी माझ्या टिपणाच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिले. लिहिता लिहिता वेर्दूवरचा वाद चालूच होता; मोनाला त्याने मारले नाही, हे काका काही केल्या सोडायला तयार नव्हते.