हिमोफिलसचे आणखी प्रकार कशाला पाडायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘कानातल्या पुवात हिमोफिलस हा जंतू सापडला, औषध ठरलं, आता त्याचे आणखी प्रकार कशाला?’ असं मला डॉक्टर मंडळीही विचारतात. ज्या मुलाचा कान बरा होऊन पुन्हा फुटतो, त्याच्यासाठी हा खटाटोप. जुनाच जंतू दडून राहिला होता की नवा शिरला, हे नुसत्या नावावरून कळत नाही.

हिमोफिलस इन्फ्लुएन्झीचे ए ते एफ हे सहा प्रकार बाहेरच्या आवरणावरून ठरतात. ही वाट मार्गारेट पिटमन यांनी १९३१मध्ये दाखवली. पण कानात सापडणाऱ्या बहुतेक हिमोफिलसना ते आवरणच नसतं. म्हणून तर हिबची, म्हणजे बी प्रकाराच्या आवरणाविरुद्धची, लस घेतलेल्या मुलाचाही कान फुटतो. मग ओळख पटवायची ती उघड्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांवरून.

इथे मोनोक्लोनल अँटिबॉडी कामी येते. अँटिबॉडी म्हणजे शरीर जंतूला पकडायला बनवतं ते प्रथिन; मोनोक्लोनल म्हणजे एकाच साच्यातली. सशाला जंतू टोचून मिळवलेल्या सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या द्रवात, अनेक अँटिबॉडींची सरमिसळ असते. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५मध्ये उंदराची अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि कर्करोगाची पेशी एकत्र केली. त्यातून न थकता एकच अँटिबॉडी देणारी पेशी मिळाली. ती अँटिबॉडी प्रथिनाचा एक ठरावीक तुकडाच पकडते.

आमच्या प्रयोगशाळेत चॉकलेट अगारवर (तापवलेलं रक्त घातलेल्या, जंतू वाढवायच्या थरावर) उगवलेल्या जंतूंच्या वसाहतींवर नायट्रोसेल्युलोजचा कागद अलगद दाबतात. मोकळी जागा दुधाच्या प्रथिनाने झाकायची, अँटिबॉडी घालायची, धुवायचं, मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी आणि शेवटी रंगद्रव्य. जिथे जुळलं तिथे जांभळट ठिपका. धुण्यात आळस केला की सगळा कागदच रंगतो, म्हणून नव्या मुलांना मी आधी धुणंच शिकवते.

पी-६ हे पृष्ठभागावरचं प्रथिन जवळजवळ सगळ्या हिमोफिलस इन्फ्लुएन्झीत सारखंच असतं. त्यावरची अँटिबॉडी ‘हा त्याच जातीचा’ एवढं सांगते. पी-२ हे दुसरं प्रथिन मात्र वाणागणिक, म्हणजे एकाच जातीतल्या पोटप्रकारागणिक, बदलतं. शरीरही मुख्यतः पी-२वरच हल्ला चढवतं, त्यामुळे एका वाणाविरुद्धची ताकद दुसऱ्याविरुद्ध तोकडी पडते. पुन्हा पुन्हा कान फुटण्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि आईवडिलांना ते कुणी समजावून सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

एकट्या लिपोऑलिगोसॅकराइडवर, म्हणजे पृष्ठभागावरच्या साखर आणि चरबीच्या रेणूवर, मात्र मी विसंबत नाही. एकाच पेशीपासून वाढवलेल्या वसाहतींत काही ठिपके गडद येतात, काही कोरे. तो रेणू घडवणाऱ्या काही जनुकांत डीएनएच्या चार अक्षरांच्या पुनरावृत्ती असतात; प्रत बनताना त्यातली एखादी वाढते किंवा गळते आणि जनुक चालू-बंद होतं. जंतू तोच, वरचा साज निराळा. जीनोम, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए, वाचून वाण पक्का ठरतो हे खरंच आहे, पण या घडीला पृष्ठभागावर काय उघडं आहे ते अँटिबॉडी थेट दाखवते.

म्हणून पुन्हा फुटलेल्या कानाचा नमुना आला, की मी आधीच्या वेळचा जंतू फ्रीजरमधून काढून वाढवते आणि दोघांना एकाच कागदावर शेजारी ठेवते. पहिल्याच्या पी-२वरची अँटिबॉडी दुसऱ्याला लागली नाही, तर नवा वाण असण्याची शक्यता जास्त, आणि तसं मी अहवालात लिहून देते.