कामाला येईल

परवा दुपारी ओट्याखालचं कपाट उघडलं आणि आतून दोन-चार झाकणं गडगडत बाहेर आली. नुसती झाकणं. त्यांच्या बरण्या कधीच फुटल्या असणार, नाहीतर कुणाला तरी काहीतरी घालून दिल्या आणि रीतीप्रमाणे परत आल्या नाहीत. "टाकून दे की ती," बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "असू देत, कामाला येतील," मी म्हणाले, आणि कोणत्या कामाला हे कुणी विचारायच्या आत कपाट लावून टाकलं.

रिकामी बरणी माझ्याच्याने टाकवत नाही. त्यातही रुंद तोंडाची, जाड काचेची, झाकण बसताना बारीकसा 'टक्' आवाज करणारी असेल तर आतला माल कधी संपतोय याची मी वाटच बघत असते. कधीकधी तर बरणी पसंत पडली म्हणून माल घेते. भेटवस्तूच्या कागदाचंही तेच. लोक टराटरा फाडतात. मी चिकटपट्टी नखाने उचलते, कागदाचा पापुद्रा सुटायला लागला की दुसऱ्या टोकाकडून शिरते. भेट देणारा तोवर अवघडून उभा. आत काय आहे याची उत्सुकता कागदाची घडी घालून झाल्यावर.

हे आजोबांकडून आलं असावं. घरात लाकडी खोका फुटला की ते आधी खिळे गोळा करायचे. वाकडे, गंजके, कसलेही. मग मागच्या पायरीवर उकिडवे बसायचे. खिळा दगडावर आडवा धरायचा, वाकलेली पाठ वर, आणि हातोडीचे हलके ठोके. दोन ठोके, जरा फिरव, पुन्हा दोन ठोके. सरळ झालेला खिळा एक डोळा मिटून उजेडात धरायचे आणि पास झाला तरच बरणीत टाकायचे. या बरण्याही खास होत्या. त्यांची झाकणं फळीला खालच्या बाजूने स्क्रूने पक्की केलेली, बरणी खालून फिरवून बसवायची. एकच स्क्रू मारला तर बरणीबरोबर झाकणही फिरतं, म्हणून प्रत्येकाला दोन. फळीच्या वर पान्हे आणि करवत, खाली लोंबणाऱ्या काचेत खिळे, वॉशर, नटबोल्ट. जागा दुप्पट, खर्च शून्य, आणि काय कुठे आहे ते न उघडता दिसतं. मला बरणी काढायला सांगायचे तेव्हा दुसरा हात खालून धरूनच ठेवायचे. विश्वास माझ्यावर होता की काचेवर, माहीत नाही.

हल्ली अशाच फळ्यांचे फोटो कौतुकाने फिरतात, खाली लाल बदामांचा पाऊस. मला त्याचं काही नाही. कल्पना चांगली आहे, कुणालाही सुचो. माझं डोकं फिरतं ते दुसऱ्या एका फोटोने. पर्यावरणपूरक स्वयंपाकघर म्हणून दाखवतात ते. पन्नासेक बरण्या, सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांना बांबूची झाकणं, सगळ्यांवर एकाच वळणाची अक्षरं. दिसतं देखणं, नाही म्हणत नाही. पण त्याआधी तिथे जे धडधाकट प्लास्टिकचे डबे होते ते कुठे गेले? ते फोटोत नसतात. पृथ्वीवरचा भार हलका करायचा म्हणून आधी ट्रकभर नवीन सामान मागवायचं, हे गणित मला जमत नाही. खऱ्या काटकसरीच्या घरात दोन बरण्या एकसारख्या नसतात. असल्या, तर त्या घरात एकच लोणचं दोनदा संपलेलं असतं.

आणि एवढ्या सगळ्याचं घोडं शेवटी अडतं कुठे, तर गोंदापाशी. बरणी गरम पाण्यात बुडवून ठेवा, कागद निघतो. मागे राहतो तो चिकट थर, ज्याला आता धूळ, केस आणि घासणीचे धागेसुद्धा चिकटलेले असतात. तेल चोळा, सोडा लावा, नखं झिजवा. मी बरणीची पारख याच परीक्षेवर करते. लेबल पाण्यात आपोआप सुटून वर तरंगलं, की धरून चालते, त्या कारखान्यात कुणीतरी पुढचा विचार करणारं माणूस बसलेलं आहे.

असा विचार झालेला आहे, नाही असं नाही. १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतल्या शेतकरी बायका पिठाच्या आणि पशुखाद्याच्या सुती पोत्यांचे कपडे शिवत. हे कंपन्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी पोत्यांवर फुलापानांची नक्षी छापायला सुरुवात केली आणि कंपनीचं नाव धुतल्यावर जाईल अशा शाईत, नाहीतर पाण्यात सुटणाऱ्या कागदावर. झग्याला एकाच नक्षीचं कापड पुरायला हवं, म्हणून नवऱ्यांना नमुना देऊन दुकानात पाठवत. त्यात परोपकार किती आणि धंदा किती, हे उघड आहे. पण स्वतःचं नाव पुसलं जाईल अशी सोय करून देणारा धंदा मला तरी आवडतो.

बाटल्यांचा किस्सा याहून भारी. बिअरवाले अल्फ्रेड हायनेकेन १९६० साली कुरासाव बेटावर गेले. किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्यांचा खच, आणि गरिबांना घर बांधायला परवडेल असं सामान नाही. मग जॉन हाब्राकेन या वास्तुविशारदाकडून त्यांनी चौकोनी बाटली करून घेतली. आडवी ठेवायची, एकीची मान दुसरीच्या बुडातल्या खाचेत बसते, वर गिलावा, झाली भिंत. १९६३मध्ये सुमारे एक लाख बाटल्या काढल्या. पुढे कल्पना बारगळली, हायनेकेन यांच्या घराच्या आवारात एक छोटी खोली तेवढी उभी राहिली. मला त्या चौकोनी बाटलीचं फार वाईट वाटतं. पिऊन झाल्यावरच जिचं खरं आयुष्य सुरू व्हायचं होतं!

त्या मानाने जपानमधली संडासाची टाकी नशीबवान. टाकीच्या डोक्यावरच छोटं बेसिन असतं. पाणी सोडलं की टाकी भरण्यासाठी येणारं स्वच्छ पाणी आधी वरच्या नळातून येतं, त्यात हात धुवायचे, तेच पाणी खाली टाकीत. वेगळा पंप नाही, सूचनाफलक नाही, कुणी जागरूक असायचीही गरज नाही. मला अशी हुशारी पटते. माणूस चांगला असण्यावर ती अवलंबून नसते.

कारण माणसाचं काय सांगावं. प्लास्टिकच्या एकसंध, मुठीत धरता येणाऱ्या पिशवीचं पेटंट १९६५चं, स्टेन गुस्ताफ थुलिन या स्वीडिश अभियंत्याने आखलेली. कागदी पिशव्यांसाठी झाडं तुटतात, ही बळकट, पुन्हा पुन्हा वापरता येईल, हा त्यामागचा हिशेब. ते स्वतः एक घडी करून खिशात बाळगत, असं त्यांच्या मुलाने सांगितलंय.

ती पापी ठरल्यावर आपण कापडी पिशव्यांकडे वळलो. कुठल्याही समारंभाला जा, एक मिळतेच, वर हिरवं पान छापलेलं. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्लास्टिकच्या साध्या पिशवीच्या तोडीला यायला सेंद्रिय सुताची पिशवी किती वेळा वापरावी लागेल? नुसतं हवामानापुरतं पाहिलं तर १४९ वेळा. पाणी, माती, ओझोन, सगळे परिणाम धरून त्यातला सर्वांत वाईट पकडला, तर २०,००० वेळा. तो दुसरा आकडा कसा काढला यावर वाद घालता येतो. पण कागद-पेन जवळ होतं म्हणून मांडून पाहिलं. रोज एकदा वापरली तरी जवळपास ५५ वर्षं.

तेवढी माझ्याकडे उरलेली नाहीत. आणि दारामागच्या खुंटीवर अशा पिशव्या इतक्या आहेत की दार पूर्ण उघडत नाही.