नऊची गोळी

रात्रीचे साडेदहा झालेत. बेळगावच्या वडगावात दिवसभर पाऊस, दुपारी करंट गेला आणि गल्लीतले सगळे माग एकदम बंद पडले, तेव्हा किती शांत वाटलं. आता परत चालू झालेत, खटखट चाललीय, लेक त्या आवाजातच झोपते, आवाज थांबला की उलट जागी होते. मला मात्र आज झोप लागणार नाही असं वाटतंय, आणि झोप न लागणं मला परवडत नाही, म्हणून लिहून टाकते.

संध्याकाळी निपाणीहून फोन आला. माहेरच्या शेजारची सून, माझ्याहून लहान, मला आक्का म्हणते. तिच्या मुलाला, नऊ वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून फिट येतात. म्हणली, आक्का, तुमच्या त्या सप्लिमेंटचं नाव सांगा की, तुम्ही गोळ्या सोडून बऱ्या झाला न्हवं, मी पण त्याचं सिरप निम्मं केलंय आठ दिवस झाले, पोरगं शाळेत झोपाळल्यासारखं असतंय, बाईंची तक्रार येते.

माझ्या पोटात गोळाच आला. कारण तिला हे मीच सांगितलंय. 2019 साली, महापुराच्या वर्षी, पाणी ओसरल्यावर श्रावणातल्या एका शुक्रवारी मी निपाणीला हळदीकुंकवाला गेले होते आणि दहा-बारा बायकांच्या समोर छाती काढून सांगितलं होतं की बघा, मी गोळ्या बंद केल्या, मनानं ठरवलं तर सगळं होतं. तेव्हा तिचा मुलगा तीन वर्षांचा होता, धडधाकट. तिच्या ते डोक्यात राहिलं. तीन आठवड्यांनी मला काय झालं ते मात्र त्यातल्या एकीलाही मी कळवलं नाही.

तेच आज लिहिते, सगळं.

मला पहिली फिट सोळाव्या वर्षी आली, सकाळी दात घासताना. घरात कोणी आकडी म्हणालं, कोणी फेफरं, एका मावशीनं बाहेरचं म्हणून लिंबू उतरवलं. दवाखान्यात नर्स कन्नडमधनं आईला विचारत होती, फिट्स बंता, फिट्स बंता, म्हणजे फिट आली का, आणि आई नुसती मान हलवत होती. मग फेनिटॉइन, फिट थांबवायची गोळी, सुरू झाली. वर्षाला पंधरा-वीस वेळा यायची ती दोन-तीनवर आली. हिरड्या सुजल्या, ब्रश केला की रक्त यायचं, पण मी दहावी झाले, बारावी झाले, शिवणकाम शिकले. 2011 ला लग्न ठरताना आत्या म्हणली लपवून ठेवा, बाबांनी ऐकलं नाही, सासऱ्यांना समोर बसवून फाईल दाखवली. कायद्यात 1999 पर्यंत मिरगी असेल तर लग्न रद्द करायला तेवढं कारण पुरत होतं, त्या वर्षी ती अट काढून टाकली, हे मला फार उशिरा कळलं. बाबांना तर ठाऊकही नव्हतं, त्यांनी आपलं खरं ते सांगितलं. सासरे एवढंच म्हणाले, मागाजवळ एकटी बसू नको म्हणजे झालं.

2019 च्या अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ओळखीतल्या एकीनं मला डबे आणून दिले. मॅग्नेशियम, माशाच्या तेलाच्या गोळ्या, ब्राह्मी, आणखी एक पावडर, महिन्याला साडेतीन हजाराचं सगळं. सोबत मोबाईलवर व्हिडिओ, रोज सकाळी आरशासमोर म्हणायचं मी निरोगी आहे, मी निरोगी आहे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. इतकी वर्षं दवाखान्यात माझ्याशी कोणी दोन मिनिटांवर बोललं नव्हतं आणि ही बाई तासभर माझा हात हातात घेऊन बसायची. फेनिटॉइन मी माझ्या मनानं दोन आठवड्यांत कमी करून बंद केलं. ह्यांना सांगितलं नाही.

मे, जून, जुलै, ऑगस्ट. एकही फिट नाही.

अनंत चतुर्दशीची रात्र. बेळगावचं विसर्जन म्हणजे संध्याकाळी सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालूच, कपिलेश्वर तलावाकडं गर्दी, ढोल, लायटिंग. आम्ही रात्रभर जागलो. सकाळी घरी येऊन मी कांड्या भरायला बसले आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. जागी झाले तेव्हा हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबलेला, नाकाशी कुणाची तरी चप्पल, तोंडात रक्त. कोणीतरी दातखीळ उघडायला चमचा घातला होता, पुढचा दात अर्धा गेला. डोकं मागाच्या लाकडापासून वीतभर लांब पडलं होतं. त्या दिवशी एकामागून एक तीन आल्या, मधे शुद्धच नाही, ह्यांनी रिक्षातनं नेलं.

दवाखान्यातनं घरी आल्यावर सासूबाई मायेनंच म्हणाल्या, मन घट्ट ठेवलं नाहीस बघ पोरी. आणि त्या डबेवाल्या बाईनं फोनवर सांगितलं की तुमच्या आतमध्ये अजून निगेटिव्ह विचार असणार. मी विश्वास ठेवला. पुढचे दोन महिने मी स्वतःच्या मनाची झडती घेत बसले, काल कुणाचा राग केला, परवा कुणाचं वाईट चिंतलं, म्हणून आली का. दात गेल्याचं दुःख कधीच संपलं, पण हे दोन महिने आठवले की अजून घसा दाटतो. दमा असणाऱ्याला कोणी म्हणतं का, तू वाईट विचार केलास म्हणून दम लागला? फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींचा करंट एकाच वेळी बेसुमार सुटतो, तेवढंच. मन चांगलं असलेल्या माणसालाही येते, देवभोळ्यालाही येते, तान्ह्या बाळालाही येते, आणि त्या बाळानं कुणाचं काय वाईट चिंतलं असेल?

मग नवीन डॉक्टरांनी एक साधं काम सांगितलं. म्हणाले, जुनी कालनिर्णयं आहेत का घरात? आई फिटच्या तारखेला लाल गोल करायची, लग्नानंतर मी करत आले. ती सगळी काढून जमिनीवर पसरली. 2014 ला पाच महिने कोरे. 2016 ला जवळजवळ सहा. गोळ्या चालू असताना, कुठलंही सप्लिमेंट नसताना. म्हणजे वर्षाला दोन-तीनच येणाऱ्या बाईला चार महिने फिट आली नाही तर त्यात त्या डब्यांचं काय कौतुक? ते तर माझं नेहमीचंच अंतर होतं. मी त्या कोऱ्या चौकोनांवर हात ठेवून किती वेळ बसले होते. कुणाला काहीही चालू करायचं, बंद करायचं असेल त्यानं आधी आपलं कॅलेंडर बघावं असं मला मनापासून वाटतं, महिना-दोन महिन्यांवरनं काहीच ठरवता येत नाही.

सप्लिमेंट म्हणजे सगळं खोटं असं पण नाही, हे मला आज फोनवर तिला नीट सांगता आलं नाही. मी आजही घेते की. फेनिटॉइनसारख्या जुन्या गोळ्या लिव्हरला कामाला लावतात आणि अंगातलं व्हिटॅमिन डी लवकर मोडून टाकतात, हाडं भुसभुशीत होतात. माझं रक्त तपासलं तर डी तळाला गेलेलं. मग आठवड्याला एक 60,000 युनिटची पुडी, आठ आठवडे, मग पुढं तपासून. ती पुडी फिटसाठी नव्हती, गोळीनं हाडांचं जे नुकसान केलं ते भरून काढायला होती. दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिड, तेही डॉक्टरांना विचारून, कारण जास्त फॉलिक ॲसिडनं फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली येऊ शकते, हे कोणाला माहीत असतं? कॅल्शियमची गोळी आणि फेनिटॉइन एकदम घेतलं तरी गोळी अंगाला कमी लागते. बी 6 तर मेडिकलमध्ये कोणीही मागून घेतं. काही तान्ह्या बाळांना जन्मतः असा दुर्मिळ आजार असतो की त्यांची फिट खरोखर बी 6 नंच थांबते, पण म्हणून मोठ्या माणसानं जास्त डोस महिनोन्महिने खाल्ला तर हातापायाच्या नसा बधिर होतात. एकच व्हिटॅमिन, एकाला औषध आणि दुसऱ्याला अपाय.

आणि पावडरी. मिरगी बरी करतो अशी जाहिरात करणं 1954 च्या कायद्यानं बंद आहे, तरी भिंतींवर लिहिलेलं असतंच. आपल्या देशात अशा जडीबुटीच्या पुड्यांत फिनोबार्बिटोन मिसळलेलं सापडलंय, म्हणजे दवाखान्यातलीच फिटची गोळी कुटून घातलेली. लोकांना वाटतं मुळीनं गुण आला, आणि पुडी संपली की ते औषध एकदम तुटतं आणि फिट दुप्पट जोरानं येते. घरातल्या साध्या वस्तूंचं पण तसंच. सर्दी झाली की आमच्याकडं सरळ कापूर आणि निलगिरीचं तेल हुंगायला देतात, या दोन्हींनी फिट येऊ शकते, पोटात गेलं तर जास्तच. माझ्या घरात आता कापूर फक्त आरतीपुरता, आणि मी खिडकीपाशी उभी राहते.

मनाचं काय मग. मन लागतं, फार लागतं. फक्त त्याचं काम वेगळं आहे. सहा-सात वर्षं मी गच्चीवर गेले नाही, विहिरीजवळ गेले नाही, बसमध्ये खिडकीची सीट घेतली नाही, बाजारात पडले तर लोक काय बघतील म्हणून खडेबाजारला एकटी कधी गेले नाही. त्या भीतीनं झोप उडायची आणि झोप उडाली की फिट जवळ येते, हे मात्र खरं आहे, जागरण आणि चुकलेली गोळी ही माझी दोन मोठी कारणं, ताप आला तर तिसरं. म्हणून रात्री दहा मिनिटं शांत बसणं, श्वास सावकाश सोडणं, हे मी सोडलेलं नाही. त्यानं झोप येते. त्यानं उद्या सकाळी बाहेर पडायचा धीर येतो. उदास वाटलं तर तेही डॉक्टरांना सांगते, फिट असणाऱ्यांत डिप्रेशन जास्त आढळतं, आणि काही गोळ्यांनी चिडचिड वाढते, माझ्या फिटच्या दुसऱ्या गोळीनं, लेव्हेटिरासिटामनं, सुरवातीला वाढलीच होती, मी उगीच स्वतःला वाईट आई समजत होते. निम्म्याहून जास्त लोकांच्या फिट गोळ्यांनी पूर्ण थांबतात, दहातल्या सात जणांपर्यंत म्हणतात. सगळ्यांच्या नाही. ज्यांच्या थांबत नाहीत त्यांना परत मनाचा दोष देऊ नये, त्यांच्यासाठी ऑपरेशन आहे, किटो आहाराचा, म्हणजे तूप-तेल जास्त आणि भात-भाकरी अगदी कमी, असा उपाय आहे जो लहान मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीत देतात, 1921 पासून आहे तो.

माझी शेवटची फिट 2021 च्या नोव्हेंबरात. त्यानंतर लेक झाली. शेजारच्या मागावरच्या पोरांना मी स्वतः शिकवलंय, मला आली तर कुशीवर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, तोंडात काही घालू नका, चप्पल नको, कांदा नको, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर गाडी बोलवा. एकजण म्हणाला, वैनी, घड्याळ कशाला? म्हटलं, तेव्हा पाच सेकंद पण अर्ध्या तासासारखे वाटतात बाबा, म्हणून.

तर हे सगळं आज फोनवर सांगायचं होतं आणि मी आधी रडलेच. ती घाबरली. मग सांगितलं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काय झालं ते, तुटलेल्या दातासकट. ती म्हणली, पण तुम्ही तर म्हणला होता. म्हटलं होय, मी म्हणले होते, ते चुकीचं होतं आणि परत येऊन सांगितलं नाही ही माझी त्याहून मोठी चूक. पोराला झोप येतेय हे तुझं खरं आहे, ती तक्रार खोटी नाही, डोस बदलता येतो, औषधच बदलता येतं, पण ते ठरवणार त्याचे डॉक्टर. फाईलवरचा नंबर आत्ताच्या आत्ता लाव, सकाळवर ठेवू नको, आठ दिवस निम्मंच देतेय हे स्पष्ट सांग, रागावतील म्हणून लपवू नको.

बराच वेळ ती काही बोललीच नाही. पाठीमागं पोराचा आवाज येत होता, टीव्हीवर काहीतरी बघत हसत होता. मग म्हणली, आक्का, माझ्याच हातानं कमी केलं ओ मी. म्हटलं, मी पण माझ्या हातानंच बंद केलं होतं.

नऊ वाजता मी माझी गोळी घेतली, कालनिर्णयवर आजच्या तारखेला बारीक टिक केली. लेक विचारते ही कसली खूण, मी सांगते आईची. आता ह्यांनी दिवा बंद कर म्हणून दोनदा हाक मारली.

मघाशी मोबाईल वाजला. तिचा मेसेज. डॉक्टरांशी बोलले, ते सांगतील तेवढं सिरप दिलं, झोपलाय, उद्या पहिल्या गाडीनं दाखवायला नेतोय, तुम्ही येता का?

सकाळी उठून ह्यांना विचारते. लेकीला सासूबाई बघतील.