थंडरबर्ड, मेलेली डिस्क आणि काकांचे रंग

हार्ड डिस्क गेली असं कोणी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मेल गेले का रे? मला विचाराल तर मेल ही त्यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट. जीमेलसारखं आयमॅपवरचं अकाउंट असेल तर मेल तिकडे सर्व्हरवर बसलेले असतात, नवीन मशीनवर अकाउंट टाकलं की धो धो उतरतात. परत येत नाही ते बाकीचं, म्हणजे फिल्टर (मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकणारे नियम), टॅग, पत्ते, डिक्शनरीत घातलेले शब्द, फॉन्ट, सही, थोडक्यात माणसाने वर्षानुवर्षं बसून स्वतःच्या सवयीप्रमाणे जे जुळवलेलं असतं ते. कुठल्याही सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो.

आमच्या डोंबिवलीच्या काकांचं उदाहरण एकदम ताजं आहे. काका सोसायटीचे सेक्रेटरी, रिटायर झाल्यापासून तेच त्यांचं ऑफिस, आणि सोसायटीचा सगळा पत्रव्यवहार मोझिला थंडरबर्ड नावाच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये. एक जीमेल आहे ते आयमॅपवर, आणि दुसरा एक जुना इंटरनेटवाल्याने दिलेला आयडी, जो पॉपवर चालतो. पॉप म्हणजे मेल उतरवून घेतला की सर्व्हरवरून काढून टाकायचा, आणि काकांच्या सेटिंगमध्ये तसंच होतं, त्यामुळे त्या आयडीचे सगळे मेल जगात एकाच ठिकाणी होते आणि ते ठिकाण म्हणजे काकांची डिस्क. ती डिस्क विंडोज सुरू होताना अडकायला लागली. नाक्यावरच्या दुकानातल्या पोराने नवीन डिस्क (एसएसडी) टाकली, विंडोज टाकलं, जुन्या डिस्कवरून इनबॉक्स नावाची फाइल ओढून आणली आणि सांगितलं, अंकल मेल आले, बाकी कॉपी होत नाही, डिस्क हँग होते.

मेल खरंच आले होते. काकांनी फोन केला, म्हणाले, "अरे, मेल आहेत सगळे, पण माझे रंग कुठायत?"

काकांचे रंग म्हणजे टॅग, मेलला लावायच्या रंगीत चिठ्ठ्या. थकबाकी लाल, लिफ्ट निळा, एनओसी हिरवा, पाण्याच्या तक्रारी जांभळ्या, असं त्यांचं सगळं कोष्टक डोक्यात बसलेलं. नवीन थंडरबर्डमध्ये गंमत अशी झाली होती की थकबाकीचे मेल लालच दिसत होते पण त्यावर इम्पॉर्टंट लिहिलेलं, आणि लिफ्ट, एनओसी वगैरे तर गायबच. काकांना वाटलं दुकानवाल्याने काहीतरी केलं. त्याचा काही दोष नाही, त्याने एक फाइल आणली आणि ती बरोबरच आणली होती.

मी ती इनबॉक्स फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून त्यांना दाखवली, कारण ही फाइल म्हणजे काही गूढ नाही, एमबॉक्स नावाचा साधा टेक्स्ट प्रकार आहे, एका मेलखाली दुसरा, दुसऱ्याखाली तिसरा, अशी एकच लांबलचक फाइल. प्रत्येक मेलच्या वर हेडर, म्हणजे पाठवणारा, तारीख वगैरेच्या ओळी, असतात आणि त्यात थंडरबर्ड स्वतःची एक ओळ घुसवतो, एक्स-मोझिला-कीज नावाची. मेलला कुठला टॅग लावलाय ते तिथे लिहिलेलं असतं, पण टॅगचं नाव नाही, फक्त त्याची किल्ली. थंडरबर्डबरोबर जे पाच टॅग आयते येतात त्यांच्या किल्ल्या डॉलर-लेबल-१ ते डॉलर-लेबल-५. काकांनी त्यातल्या इम्पॉर्टंटचंच नाव बदलून थकबाकी केलं होतं, म्हणून मेलवर डॉलर-लेबल-१ तसाच होता आणि नव्या कोऱ्या थंडरबर्डने त्याचा अर्थ त्याच्या मूळ हिशोबाने लावला, लाल आणि इम्पॉर्टंट. लिफ्ट आणि एनओसी त्यांनी नवे बनवलेले, मराठीत नाव दिलेले, त्यांच्या किल्ल्या म्हणजे अँडच्या चिन्हाने सुरू होणारी इंग्रजी अक्षरांची खिचडी, आणि ती खिचडी म्हणजे लिफ्ट आणि तिचा रंग निळा हे कुठे लिहिलेलं? प्रेफ्स.जेएस नावाच्या दुसऱ्याच, सेटिंगच्या फाइलमध्ये. ती फाइल आलीच नव्हती. म्हणजे टॅग मेलवर होते, फक्त त्यांना ओळखणारं कोणी उरलं नव्हतं.

काका बराच वेळ ती फाइल खाली-वर करत बसले. मग एक मेल सापडला, म्हणाले, "हा तर मी केव्हाच डिलीट केला होता." हो, तेही आहे. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला की फाइलमध्ये त्याच्यावर फक्त डिलीटची खूण होते, अक्षरं तिथेच राहतात, फोल्डर कॉम्पॅक्ट करेपर्यंत, म्हणजे असे मेल फाइलमधून खरोखर काढून टाकेपर्यंत. इनबॉक्समध्ये दोनशे मेल दिसतात आणि फाइल मात्र दोन-तीन जीबीची, हा प्रकार अनेकांकडे असतो.

तर आता बाकीचं सगळं आणायचं होतं आणि ते त्या अडकणाऱ्या डिस्कवर. इथे एक गोष्ट आधीच सांगतो, डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा बायोसमध्येच (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) दिसत नसेल तर घरी काहीही करू नका, पॉवर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा, खर्च येतो पण घरी प्रत्येक वेळी चालू केली की ती आणखी घासते. काकांची तशी नव्हती. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो स्मार्ट रिपोर्ट देते त्यामध्ये रीअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टरचे आकडे वाढलेले, म्हणजे काही जागा वाचता येत नाहीत पण बाकी पृष्ठभाग ठीक आहे. आणि हो, अशा डिस्कवर विंडोजचं चेकडिस्क चालवू नका. लोक हेच पहिलं करतात. चेकडिस्क फाइल सिस्टीम दुरुस्त करायला जातो, म्हणजे त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहायला लागतो, आणि आपल्याला तिच्यावर एक बाइटसुद्धा लिहायची नाहीये.

त्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू केलं आणि डीडीरेस्क्यू नावाच्या टूलने अख्ख्या डिस्कची प्रत दुसऱ्या मोठ्या डिस्कवर काढली. हे टूल हुशार आहे, विंडोजच्या कॉपीसारखं एका खराब सेक्टरवर डोकं आपटत बसत नाही, आधी जे सहज येतंय ते भराभर उचलतं, अडलं की पुढे उडी मारतं, आणि नंतर मागे येऊन सोडलेले तुकडे कुरतडतं. कुठलं झालं कुठलं राहिलं ते एका मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, म्हणून मध्येच बंद केलं, डिस्क थंड होऊ दिली आणि परत चालू केलं तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. ती मॅप फाइल द्यायला मात्र विसरायचं नाही, तिच्याशिवाय ही सगळी हुशारी वाया. रात्रभर ते चाललं. सकाळी थोडेसेच केबी न वाचलेले होते.

प्रत हातात आली की मूळ डिस्क बाजूला. मग त्या प्रतीतून, तीसुद्धा रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल अशी) जोडून, एकच फोल्डर उचलायचा, प्रोफाइल, ज्यात थंडरबर्डचे मेल आणि सेटिंग सगळं असतं. विंडोजमध्ये तो युजरच्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असा आत दडलेला असतो, अ‍ॅपडेटा हिडन असतं म्हणून एरवी दिसत नाही. आत आठ अगम्य अक्षरं आणि पुढे डॉट डिफॉल्ट-रिलीज अशा नावाचा फोल्डर. माझं ठाम मत आहे की यातल्या फाइल निवडत बसू नये, अख्खा उचलावा. कारण हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे. पासवर्डचंच घ्या, ते लॉगिन्स.जेसनमध्ये असतात पण कुलूपबंद, आणि किल्ली की-४.डीबीमध्ये, एकच फाइल आणली तर काही उपयोग नाही. फिल्टर प्रत्येक अकाउंटच्या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये असतात, पण त्यात कुठल्या फोल्डरला मेल हलवायचा त्याचा पूर्ण पत्ता अकाउंटच्या नावासकट असतो, नवीन अकाउंट जरा वेगळ्या नावाने बनवलं की फिल्टर गपचूप बंद पडतो. पॉपचे कुठले मेल आधीच उतरवलेत ते पॉपस्टेट.डॅटमध्ये, ज्यांनी मेल सर्व्हरवर ठेवायची सेटिंग केलीय त्यांनी ती फाइल विसरली की सगळे मेल पुन्हा उतरून डबल. पत्ते अबुक.एसक्यूलाइटमध्ये. आणि काकांनी स्पेलचेकला शिकवलेली सभासदांची आडनावं पर्सडिक्ट.डॅटमध्ये, एका ओळीत एक, बघायला छान वाटतं, अख्खी सोसायटी.

परत बसवताना नवीन थंडरबर्ड एकदा चालू करून पूर्ण बंद केला, मग हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमध्ये जो फोल्डर वापरात आहे असं लिहिलं होतं तो आधीच टिपून ठेवलेला, त्याच्या आतलं सगळं काढून जुन्या फोल्डरच्या आतलं सगळं तिथे टाकलं. हे टिपून ठेवणं महत्त्वाचं, कारण नव्या इन्स्टॉलमध्ये बहुतेक वेळा दोन फोल्डर दिसतात, एक नुसता डिफॉल्ट आणि एक डिफॉल्ट-रिलीज, आणि लोक नुसत्या डिफॉल्टमध्ये माल टाकतात आणि मग कोरा थंडरबर्ड बघून घाबरतात. दुसरं म्हणजे व्हर्जन. नव्या व्हर्जनला जुनं प्रोफाइल चालतं, उलटं चालत नाही, जुना थंडरबर्ड नव्या प्रोफाइलला सरळ नाही म्हणतो.

चालू केला. रंग आले. काका काही बोलले नाहीत पण काकूंना हाक मारली.

मग बारीकसारीक. सर्चचा इंडेक्स असलेली ग्लोबल-मेसेजेस फाइल नेमकी खराब सेक्टरवर होती, शोधलं की काही सापडेना. ती डिलीट करून टाकली, थंडरबर्ड स्वतः नवीन बनवतो, फक्त त्याला काही तास द्यावे लागतात. पॉपच्या इनबॉक्समध्येही एक भोक पडलं होतं, न वाचलेल्या जागी नुसते शून्य भरलेले, पण साधा टेक्स्ट असल्याचा फायदा इथे कळतो, भोकाच्या आधीचे आणि नंतरचे मेल जसेच्या तसे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रिपेअर फोल्डर केलं, म्हणजे डॉट एमएसएफ नावाची इंडेक्स फाइल नव्याने बनते, आणि यादी सरळ झाली. एक मेल गेला, लिफ्टच्या मेंटेनन्स काँट्रॅक्टचा, त्याची पीडीएफ उघडेना. काकांनी कंपनीला फोन करून परत मागवली. हेच जर एका मोठ्या डेटाबेसमध्ये सगळे मेल कोंबणारं सॉफ्टवेअर असतं तर त्या एका भोकापायी दुरुस्तीची वेगळी टूल्स शोधत बसावं लागलं असतं.

सही आली नाही. सगळं प्रोफाइलमध्ये असतं म्हणतो ना मी, तर सही अपवाद निघाली, काकांनी ती वेगळी एचटीएमएल फाइल करून डेस्कटॉपवर ठेवली होती आणि थंडरबर्डला फक्त तिचा रस्ता दाखवला होता. प्रतीमधून तीही मिळाली. देवनागरीचा फॉन्ट आणि मोठी साइज सेटिंगसकट आली. एक यूजरक्रोम.सीएसएस नावाची फाइल होती, डावीकडच्या फोल्डरांची अक्षरं मोठी दिसावीत म्हणून पूर्वी मीच बनवून दिलेली, ती आली पण चालेना, कारण २०२३ मध्ये ११५ व्हर्जनला थंडरबर्डवाल्यांनी सगळा चेहरामोहरा बदलला आणि त्या जुन्या युक्त्या मोडल्या. आता मेनूतच फॉन्ट साइज वाढवायची सोय आहे, म्हणून ती काढून टाकली. जीमेलने पुन्हा ब्राउझरसारखी खिडकी उघडून साइन-इन मागितलं, तसं होऊ शकतं, २०२२ पासून गुगल अशा प्रोग्रॅमना साध्या पासवर्डवर आत घेत नाही.

आता बॅकअप. थंडरबर्डमध्ये एक्स्पोर्टची सोय आहे, सगळं प्रोफाइल एका झिपमध्ये, पण ती २ जीबीपर्यंतच, काकांचं त्याच्या कितीतरी पुढे. म्हणून सरळ थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी. बंद करून हे नीट वाचा, चालू असताना केलेली कॉपी अर्धवट लिहिलेल्या फाइल घेऊन येते. आणि पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, नेमकी इनबॉक्सच राहून जाते आणि बाकी सगळं कॉपी झालेलं दिसतं, तेव्हा एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. आयमॅपवर आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, इकडे चुकून फोल्डर उडवला की तो तिकडेही उडतो.

राहता राहिली ती जुनी डिस्क. काका म्हणाले भंगारवाल्याला देतो. म्हटलं, काका, तिच्यावर तुमची लॉगिन्स आणि की-४ दोन्ही फाइल शेजारी शेजारी पडल्यात आणि तुम्ही प्रायमरी पासवर्ड (थंडरबर्डमधल्या सगळ्या पासवर्डांवरचं एक कुलूप) लावलेला नव्हता, म्हणजे ज्याच्या हाती ती पडेल त्याला आणखी काही लागणार नाही. दुकानातही ती दोन दिवस होती. तेव्हा आधी दोन्ही मेलचे पासवर्ड बदलले, नव्या प्रोफाइलला प्रायमरी पासवर्ड लावला, आणि मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन डिस्कची प्लेट बाहेर काढली. काकांनी ती प्लेट ठेवून घेतलीय, म्हणतात दाढी करायला आरसा चांगला आहे.