रिकाम्या गोणी आणि हयातीचे दाखले

बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

तुळशीची लग्नं आटोपली. उसाच्या कांड्या आणि चिंचा-आवळे पोरांनी फस्त केले. आता आमच्या वेंगुर्ल्याकडच्या गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचा खरा हंगाम सुरू झाला, हयातीच्या दाखल्यांचा. सकाळपासून देवळाच्या कट्ट्यावर रांग होती. ग्रामपंचायतीने दिलेल्या खोलीत पंखा आहे, पण रेंज नाही. सड्यावरच्या या कट्ट्यावर वाऱ्याबरोबर रेंजही येते, म्हणून नोव्हेंबरात आमचं कार्यालय इथेच.

बाहेरच्याला वाटतं पेन्शन म्हणजे पेन्शन. रांगेत उभं राहिलं की कळतं, प्रत्येकाची जात वेगळी. गुरुजींची जिल्हा परिषदेची, त्यांना नोव्हेंबर चुकवून चालत नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्या आमच्या अध्यक्षांची केंद्र सरकारची. ते ऐंशीच्या पुढचे, म्हणून त्यांना 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो आणि ते तो पहिल्याच आठवड्यात देऊन मोकळे होतात. मी एसटीत कंडक्टर होतो, माझी ईपीएस-95 ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवाल्यांची. दाखला वर्षात कधीही द्या, दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. या पेन्शनची किमान रक्कम 2014 मध्ये 1000 रुपये ठरली आणि तिथेच बसली आहे. एवढ्या पैशांसाठी सरकारला माझ्या जिवंतपणाची काळजी वाटते, हेही कमी नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो निराधार म्हाताऱ्यांसाठीच्या श्रावणबाळ योजनेतल्या बायकांना. महिन्याला 1500 रुपये. त्यांच्या हयातीची पडताळणीही दरवर्षी लागते. यांतल्या बऱ्याच जणींनी उमेदीची वर्षं काजूच्या कारखान्यात काढली आहेत. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं. बिया फोडून फोडून बोटांवरच्या रेषा इतक्या पुसल्या गेल्या आहेत की अंगठा ठेवला की मशीन नुसतंच लाल दिवा दाखवतं. तालुक्याच्या ठिकाणी दोन-दोन खेपा मारून हात हलवत परत आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

पेन्शनवाल्यांसाठी जीवन प्रमाणची, म्हणजे ऑनलाइन हयातीच्या दाखल्याची, सोय 2014 ची. पण आमच्याकडे तिचा उपयोग व्हायला लागला तो 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली तेव्हापासून. मोबाइल समोर धरायचा, चेहरा गोलात आणायचा आणि पापण्या मिटून उघडायच्या. ऐकायला सोपं आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेला माणूस पापणी मिटतो ती मिटूनच ठेवतो. कुणाला ऊन समोरून हवं, कुणाला पाठीमागून. एक आजोबा फोटो काढतायत असं समजून दर वेळी ताठ होऊन श्वास रोखून धरतात.

वरच्या वाडीतली काकी आली ती भांडायच्या तयारीनेच.

"मी जित्ती आसंय ह्यां माकाच येऊन सांगूक व्हया?"

"व्हया गे काकी. बस हंय."

"माझी बोटां गेली काजीत. आता डोळे तरी चलतत काय बघ."

डोळे चालले. पहिल्या फटक्यात. काकीने मग खाली न उतरता तिथेच बस्तान मांडलं आणि रांगेतल्या प्रत्येक बाईला पापणी कशी मिटायची ते शिकवू लागली. दुपारपर्यंत माझ्यापेक्षा तिचं ऐकणारे जास्त झाले. संघात ती दोन वर्षं येते. आजवर बैठकीत मागच्या भिंतीला टेकून गप्प बसलेलीच पाहिली होती.

शुक्रवार

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलं येतात. सूर्योदय, गणपती, दोन चहाचे कप. माझा मुंबईचा मुलगा या प्रकाराला हसतो. त्याला माहीत नाही की गेल्या वर्षापासून ती आमची हजेरी आहे. आठ वाजेपर्यंत ज्याचं फूल आलं नाही त्याला फोन करायचा. फोन उचलला नाही तर त्याच्या वाडीतल्या ठरलेल्या माणसाने घरी जाऊन यायचं. कुणी कुणाकडे जायचं त्याचा तक्ता मी बनवला आहे. कंडक्टरचं वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरायची सवय सुटत नाही. ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते मिसकॉल देतात, तोही तक्त्यात चढतो.

आज बंदराकडच्या मावशीचं फूल आलं नाही. फोन वाजत राहिला. शेजारची दोन्ही घरं बंद, माणसं मुंबईला, ती गणपती आणि शिमग्यालाच उघडतात. गुरुजी गेले. मावशी मागील दारी, विहिरीकडच्या शेवाळलेल्या दगडी पाथरीवरून घसरून बसली होती. पाय मुरगळलेला, उठता येत नव्हतं, आणि फोन घरात. पहाटे पडली होती. तरी गुरुजींना पाहून पहिलं वाक्य काय, तर "चुलीवर पेज ठेवलंय, ती आदी बघा."

हाड मोडलेलं नाही. रिक्षाने दवाखान्यात नेऊन आणलं, आठ-पंधरा दिवस पाय टेकायचा नाही असं सांगितलं आहे. डबा कुणी कधी द्यायचा ते संध्याकाळी ठरलं. मुलीला ठाण्याला कळवलं, ती रविवारी येतेय. दुपारी चुनकळी आणि ब्रश घेऊन दोघे जण ती पाथर घासून आले. पावसाळा संपला की दरवर्षी सगळ्यांच्या पाथरी एकदा घासून घ्यायला हव्यात, हे आज वहीत लिहून ठेवलं.

14567 हा ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, सगळ्यांच्या भिंतीवर चिकटवला आहे. चांगला आहे. पण पाथरीवर पडलेल्या माणसाला भिंतीपर्यंत जाता आलं पाहिजे ना.

रविवार

व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, बंधारा घातला. अंग मोडून आलंय, पण आज लिहायचंच.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि एप्रिलमध्ये विहिरीत कळशी बुडत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. जांभा पाणी धरत नाही, उतार तीव्र, समुद्र जवळ. म्हणून पावसाचा जोर संपून व्हाळाची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा. एरवी हे काम ग्रामपंचायत आणि कॉलेजची पोरं करतात. यंदा संघाने सांगितलं, आम्हीही येतो. सरपंच म्हणाले, तुम्ही खुर्चीवर बसून मार्गदर्शन करा. खुर्च्या खरंच आणल्या होत्या, लाल रंगाच्या. त्यांवर दिवसभर आमच्या पिशव्या बसल्या.

पोरांनी जागा ठरवली होती साकवाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, खाली, टेम्पो जवळ येतो म्हणून. तिथे आमच्यातले सगळ्यात म्हातारे आजोबा, जे संघाच्या कुठल्याही कार्यक्रमाला येत नाहीत, ते काठी टेकत आले, पाण्यात उतरले, पायाने तळ चाचपला.

"हंय पाणी रवाचां नाय. खाली रेव आसा. वायच वर चला."

वर म्हणजे जिथे दोन्ही काठ जवळ येतात आणि तळाला कातळ लागतो ती जागा. त्यांच्या लहानपणी तिथेच दगड, चिखल आणि आंब्याच्या डहाळ्यांचा बांध घालत आणि त्या पाण्यावर खालच्या मळ्यात वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं, भात होई. कातळात मेढी रोवायची भोकं अजून आहेत, आजोबांनी बोट घालून दाखवली. कॉलेजच्या पोरांचे चेहरे तेव्हा बघायला हवे होते. टेम्पोतून गोण्या डोक्यावरून वर न्याव्या लागल्या, पण कुणी कुरकुर केली नाही.

काम आपोआप वाटलं गेलं. माती खणणं आणि वाहणं पोरांचं. गोणी पाऊण भरायची, पूर्ण भरली तर टणक होते आणि एकमेकीवर नीट बसत नाही. ती पाऊण भरली आहे की नाही ते बघायला अध्यक्ष उभे राहिले, पार्सलं तोलल्याचा अनुभव कामी आला. तोंडं शिवायला आमच्या बायका, मोठा दाभण आणि सुतळी. काकी त्यांची मुकादम. गवंडी म्हणून आयुष्य काढलेले एक जण थर लावून घेत होते. खाली रुंद, वर निमुळतं, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. वरच्या अंगाला चिकण माती चोपून बसवली. दुपारी कुळथाची पिठी, भात आणि सुका बांगडा. तीनच्या सुमाराला पाणी हळूहळू मागे सरायला लागलं. फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकलं तरी खालच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त मिळेल.

जेवताना मी एक विषय काढला, थोडा कडवट होता. या गोण्या प्लास्टिकच्या धाग्यांच्या. उन्हाने वर्षभरात त्यांचा भुगा होतो. जूनच्या पहिल्या पुरात बंधारा वाहून जातो, जायलाच हवा, आणि त्याच्याबरोबर सगळं प्लास्टिक समुद्रात. दरवर्षी श्रमदानाचे फोटो येतात, मे महिन्यात गोण्या काढतानाचा एकही फोटो मी पाहिलेला नाही. पोरं म्हणाली, मेमध्ये परीक्षा आणि सुट्ट्या. खरं आहे. मग बायकांतून आवाज आला, आम्ही खंय जातों मेमध्ये? आम्ही हंयच आसों. ठरलं. गोण्या काढून, माती काठावर ओतून, रिकाम्या गोण्या मोजून ग्रामपंचायतीत जमा करायच्या. जेवढ्या घातल्या तेवढ्या परत. हिशोब माझ्याकडे.

मंगळवार

आरवलीची सहल. तिथल्या ग्रामदैवताला, वेतोबाला, केळ्यांचा घड दिला. मोठमोठ्या वहाणा मांडलेल्या असतात, त्या बघून सगळे दर वेळी नव्याने चकित होतात. पुढे शिरोड्याला समुद्रावर गुरुजींनी 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगितली. दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी पोलिसांची संख्या वाढते.

खरी मजा एसटीत. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत. पासष्ट ते पंचाहत्तर, अर्धं तिकीट. बायकांना मार्च 2023 पासून वय न विचारता अर्धं. म्हणजे संघात पूर्ण तिकीट काढणारे उरले ते साठ ते पासष्टमधले पुरुष, त्यात आमचे खजिनदार. ते दर सहलीला वाढदिवस मोजतात. कंडक्टर मुलगी होती, विशीतली, आमचे सगळे प्रकार तिने मशीनवर पटापट काढले. आमच्या वेळी तिकिटांचा ट्रे आणि पंच होता, हे सांगायचा मोह मी आवरला.

सवलत मात्र राज्याच्या हद्दीपर्यंतच. इथले निम्मे म्हातारे मोठ्या दुखण्यासाठी गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात, त्यांना हद्द ओलांडली की पूर्ण भाडं. देवाला जायला फुकट आणि डॉक्टरकडे जायला पैसे. रेल्वेने तर मार्च 2020 मध्ये सवलत काढली ती काढलीच.

शनिवार

बैठक. पहिला विषय, वार्षिक कार्यक्रमात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार. मी विरोध केला. गेल्याच महिन्यात, 1 ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनाला, एका संस्थेने आम्हाला बोलावलं होतं. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याचा मांडव, दोन तास भाषणं. आणि शेवटी शाल. वेंगुर्ल्याकडच्या हवेत माणूस शाल कधी पांघरतो? वर नारळ, ज्यांच्या परसात माडाखाली नारळ पडून कुजतात त्यांना. कपाटात शालींचा ढीग साठलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की बाबा, तू गवंडी होतास ना, आमच्या भिंतीला ओल का येते जरा सांगशील?

अध्यक्ष म्हणाले, सत्काराने माणसाला बरं वाटतं. वाटतंही. बंधाऱ्यावरच्या आजोबांना म्हणून मुद्दाम बोलावलं होतं, त्यांचं नाव यादीत पहिलं होतं. त्यांना विचारलं.

"माका शाल नको. मेमध्ये गोणी काढूक कधी जाताव तां सांग."

यावर टाळ्या वाजल्या, पण मत घेतलं तेव्हा सत्काराच्या बाजूने जास्त हात वर झाले. लोकशाही आहे. तडजोड म्हणून शालीऐवजी चांगल्या बॅटऱ्या द्यायच्या ठरल्या. रात्री मागील दारी जाताना उपयोगी. आणि प्रत्येक सत्कारमूर्तीने कार्यक्रमानंतर शाळेतल्या मुलांना आपलं काम तासभर शिकवायचं, ही अट मी घालून घेतली. रांपण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, विणणारे एक आहेत, माडावर चढणारे एक, आणि काकी. काकी काय शिकवणार असं खजिनदारांनी विचारलं. मागच्या भिंतीला टेकलेली काकी तिथूनच म्हणाली, "काजयो कसो फोडू नये तां."

दुसरा विषय घराच्या बक्षीसपत्राचा. एका सभासदाला घर आत्ताच मुलाच्या नावावर करायचं आहे. आमचे माजी तलाठी म्हणाले, करा, पण सांभाळण्याची अट कागदात लिहून करा. तशी अट असेल आणि ती मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली प्रांताकडे दाद मागून व्यवहार रद्द करता येतो. सभासद म्हणाले, मुलासमोर असली अट कशी लिहू? या प्रश्नावर कुणाकडे उत्तर नव्हतं. चहा आला.

मावशी काठी घेऊन पहिल्यांदाच बैठकीला आली होती. डबे पुरेत म्हणाली, पेजेला चव नाही कुणाच्या हाताला. तिचं नाव सोमवारपासून डबा देणाऱ्यांच्या तक्त्यात घातलं आहे.