देणगीदाराचं नाव भिंतीवर कोरण्याआधी

चित्रसंग्रहाची तपासणी म्हटलं की संग्रहालयं चित्राची वंशावळ काढतात: कोणाकडून कोणाकडे गेलं, १९३३ ते १९४५ या नाझी राजवटीच्या काळात कोणाकडे होतं. ते हवंच. पण मालकीहक्क निर्वेध निघाला म्हणून चित्र ज्या पैशाने घेतलं तो पैसा स्वच्छ ठरत नाही. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि दुसरा बहुतेकदा मांडलाच जात नाही.

झुरिकच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात दोन्ही अंगावर आले. एमिल ब्यूर्ले हा नाझी जर्मनीला तोफा विकून गब्बर झालेला कारखानदार. त्याचा संग्रह २०२१ साली तिथल्या नव्या इमारतीत लागला. चित्रं मात्र ब्यूर्ले फाउंडेशनच्या मालकीची, संग्रहालयाकडे नुसती ठेवायला दिलेली. त्यांच्या पूर्वेतिहासाचं संशोधनही आधी फाउंडेशननेच केलेलं. ज्याचा माल, त्याच्याच हाती तराजू! टीका झाल्यावर इतिहासकार राफाएल ग्रोस यांच्याकडे स्वतंत्र तपासणी गेली, आणि जून २०२४ मध्ये मोने, गोगँ, व्हॅन गॉग यांच्यासह पाच चित्रं उतरवावी लागली. म्हणून चित्रं ठेवून घेण्याच्या करारात तीन गोष्टी आधीच हव्यात: मालकाची कागदपत्रं पाहण्याचा हक्क, बाहेरचा संशोधक नेमण्याचा हक्क आणि निष्कर्ष परवानगीविना छापण्याचा हक्क. भिंतीवर चित्र टांगलं की त्याचा भाव आणि मालकाची पत दोन्ही वाढतात. त्यामुळे अटी घालण्याची ताकद संग्रहालयाकडे असते ती सही होईपर्यंतच.

देणगीच्या करारात घोळ होतो तो नावाच्या कलमात. ‘देणगीदार दोषी ठरल्यास नाव काढता येईल’ हे वाक्य भक्कम वाटतं, पण संग्रहालयांना मोठ्या देणग्या देणाऱ्या अमेरिकेतल्या सॅकलर कुटुंबाच्या प्रकरणात ते कुचकामी ठरलं असतं. ऑक्सिकॉन्टिन हे व्यसन लावणारं वेदनाशामक औषध विकणाऱ्या त्यांच्या पर्ड्यू फार्मा कंपनीने २०२० मध्ये गुन्हे कबूल केले, तरी कुटुंबातल्या कोणावरही गुन्हा सिद्ध झाला नाही. निकष दोषसिद्धीचा नको, संस्थेच्या प्रतिष्ठेला बाध येण्याचा हवा, आणि तो निर्णय विश्वस्तांच्या हाती हवा. शिवाय मुदत घाला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०१९ मध्ये सॅकलर नाव काढलं ते वीस वर्षांची मुदत संपल्याचं सांगून. वाद टळला, पण कारण सांगण्याची जबाबदारीही टळली, हे मला खटकतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला डिसेंबर २०२१ मध्ये सात दालनांवरून नाव काढताना कुटुंबाशी संयुक्त निवेदन काढावं लागलं.

नाव कुटुंबाचं लिहू नका, माणसाचं लिहा. याच कुटुंबातले आर्थर सॅकलर १९८७ मध्ये वारले, ऑक्सिकॉन्टिन बाजारात आलं १९९६ मध्ये. आडनाव एकच असल्याने त्यांच्या देणग्यांचा हिशेब आजही वेगळा मांडणं अवघड जातं.